जागा आहे का, विचारणारे टेंबेकाका

टेंबेकाका कोणाशीही बोलण्याआधी विचारतात, "जागा आहे का?" म्हणजे तुमच्या डोक्यात. आपण आकडा सांगायचा. "आठ" म्हटलं, तर ते मोजून आठ शब्द बोलतात, "संपलं" म्हणतात आणि चालू लागतात.

हे आमचे कोलकात्याच्या न्यू टाउनमधले शेजारी. काम अंतराळयानांचं. यानातला कॅमेरा एकानं बनवलेला, संगणक दुसऱ्यानं. या यंत्रांनी एकमेकांशी भराभर, पण एकाच रीतीनं बोलावं म्हणून नियम ठरवणारी एक समिती आहे. काका तिच्यात आहेत. समोरच्यानं जागा आहे म्हटल्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही, हा त्यांचा लाडका नियम. ती यानं तो पाळतात की नाही, देव जाणे. आमच्या मजल्यावर तो केव्हाच लागू झालाय.

एकदा मी फोनवर असताना काका दारात आले. "जागा आहे का?" मी हातानंच नाही म्हटलं. वीस मिनिटं ते तसेच उभे. फोन ठेवून मी "दहा" म्हणालो.

"तुमच्या बाथरूमचं पाणी जिन्यातून खाली चाललंय. वॉचमनची खुर्ची पार भिजली. संपलं."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही नाही म्हणालात."

मासळीवाला निमाईदा मात्र सरावलाय. गिऱ्हाइकं असली की "एखन जायगा नेइ, दादा," म्हणजे आत्ता जागा नाही, असं बंगालीत सांगतो, आणि काका पिशवी धरून गुमान थांबतात.

रोज संध्याकाळी सातला ते खालच्या बाकावर बसून स्पीकरवर फोन लावतात. "काही नाही," म्हणतात. तिकडूनही एक बाई "काही नाही" म्हणते. फोन बंद. एकदा मी रीतसर जागा मागून विचारलं, हे काय?

"केतकी. माझी मुलगी, पुण्याला असते. यानात सांगण्यासारखं काही नसलं, तरी तार गप्प ठेवत नाहीत. 'काही नाही, काही नाही' पाठवत राहतात. गप्प झाली की समोरचा समजतो, तुटली."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तिची आई शेवटची दवाखान्यात होती, तेव्हा मी समितीच्या बैठकीत होतो. केतकीचे सारखे फोन. मी कळवलं, आत्ता जागा नाही. तेव्हापासून ती दुसरं काही बोलत नाही."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

गेल्या गुरुवारी मी शेजारीच बसलो होतो. "काही नाही," काका म्हणाले. तिकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. काका चपलांकडे बघत राहिले. मग आवाज आला, "बाबा, जागा आहे का?"

नियमाप्रमाणे त्यांनी आकडा सांगायला हवा होता.

"बोल गं," ते म्हणाले. "बोल, बाळा." आणि स्पीकर बंद करून त्यांनी फोन कानाला लावला.

मी उठून वर आलो. जेवण उरकून गॅलरीतून वाकून पाहिलं, तर फोन अजून कानालाच होता.