शेवटचं पान आणि माझा गोटा

मला कॉमिकचं व्यसन नाही, हे आधीच ठणकावून सांगतो. दर बुधवारी एका सुपरहिरोचा अंक येतो, तो मी केवळ चुका काढायला वाचतो. हा गडी एक ठोसा मारायला तीन पानं घेतो. खलनायक त्याला संपवायचं सोडून आपला बेत इत्थंभूत सांगत बसतो, जणू नोकरीची मुलाखत चालली आहे. आणि डोळ्यांवर बोटभर पट्टी बांधली की या सुपरहिरोला सख्खी बायकोसुद्धा ओळखत नाही! इतका अडाणीपणा चुकवून कसं चालेल?

घरात मात्र कॉमिकला बंदी आहे. एकदा वाचण्याच्या नादात मी नळ उघडा ठेवला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गादीला अंघोळ घातली, तेव्हापासून. "यापुढे घरात एक तर ते राहील, नाहीतर मी," बायको म्हणाली. मी विचार करायला थोडा वेळ मागितला. तेही तिला आवडलं नाही.

मग मी शक्कल लढवली. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये तो अंक येतो. सलूनवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याचा नियम एकच, अंक फक्त खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला मिळेल. म्हणून मी दर बुधवारी खुर्चीत बसू लागलो. आधी केस गेले, मग कल्ले, मग मिशी. गोष्ट लांबत गेली तसा मी आखूड होत गेलो.

"हल्ली फार नटणं चाललंय," बायको म्हणाली. "ऑफिसात कुणी नवीन आलंय वाटतं?"

"छे गं. उन्हानं डोकं तापतं."

"आता माझं तापलंय."

अशात तो अंक आला, ज्यात खलनायकाचा मुखवटा उतरणार होता. उस्तादनं माझं डोकं चारी बाजूंनी पाहिलं.

"साहेब, कापायला काही उरलेलं नाही."

"काहीतरी कर, उस्ताद."

"मग गोटा करतो. वर दाढी."

मी मान डोलावली. गोटा झाला, शेवटचं पान तेवढं राहिलं, आणि उस्तादनं अंक काढून बाकावर ठेवला. "फेस लागला की पानं चिकटतात." त्यानं माझ्या तोंडाला डोळ्यांपर्यंत फेस फासला, आणि आरशात मला दारातून आत येणारी बायको दिसली.

"आमचे हे आलेत का इथे?"

उस्ताद कायमच्या गिऱ्हाइकाला जागला. "नाही ताई."

"मग थांबते. बघतेच कुणासाठी नटतात ते."

तिनं आरशात थेट माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी मनातल्या मनात त्या कॉमिकच्या लेखकाची माफी मागितली.

ती बाकावर बसली. तिनं अंक उचलला. आजवर कुणाला बाकावर वाचू न देणारा उस्ताद वस्तऱ्याला धार लावत राहिला. तिनं सरळ शेवटचं पान उघडलं.

"अगंबाई! म्हणजे हा मुखवटेवाला त्याचाच..."

"शेवट सांगू नकोस!" मी ओरडलो. फेस आरशावर उडाला.

ती जवळ आली. बोटानं माझ्या गालावरचा फेस पुसून तिनं खात्री करून घेतली.

"मला वाटलं, दुसरी कुणी आहे."

"नाही गं. एवढंच आहे."

"दुसरी असती तर परवडलं असतं," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं. मलाही फार लाज वाटली. तिनं उस्तादकडून अंक मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

"केस पहिल्यासारखे वाढले की देईन वाचायला."

बंदी घालणारीनंच अंक घरात आणला. आता तो तिच्या कपाटात कुलपाआड आहे आणि ती मधूनच माझ्याकडे बघून गालात हसते. मला व्यसन नाही, हे सांगितलंच आहे. केस लवकर वाढवायचा उपाय कुणाला ठाऊक असेल तर मात्र कळवा. शक्यतो बुधवारच्या आत.