खात्रीसाठी संपर्क

गोरक्षनाथ खैरनारांना फसवणारी बातमी अजून जन्माला यायची होती! निदान ते स्वतः तरी छातीठोकपणे तसं सांगत. एकतीस वर्षं उपसंपादकी करून ते निवृत्त झाले होते. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून नाशिकच्या पंचवटीतल्या त्यांच्या घरी टेलिफोन वाजायचा तो फक्त राँग नंबरचा. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ‘तालुक्याच्या वार्ताहरांना खोटी बातमी ओळखायला शिकवा’ असं बोलावणं आलं, तेव्हा गडी हरखून गेला.

शनिवारी वर्गात त्यांनी सरावाची बातमी सांगितली, “लिहून घ्या. ज्येष्ठ पत्रकार गोरक्षनाथ खैरनार यांचे निधन. खाली माझा फोन नंबर. आता खात्री कशी करायची ते तुम्ही बघा. उद्या मी दिवसभर घरीच आहे. पहिला फोन करील तो पास!”

रविवारी ते फोनशेजारी खुर्ची टाकून बसले. आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली. चारदा रिसीव्हर उचलून पाहिला, फोन चालू होता. संध्याकाळपर्यंत एकाचाही फोन आला नाही. बातमी खोटी आहे हे विसरून त्यांना स्वतःचंच वाईट वाटायला लागलं.

इकडे वर्गातल्या सिन्नरच्या वार्ताहराच्या, किशोर सांगळेच्या हातांनी सवयीने काम केलं होतं. कोणी बातमी सांगितली की खाली दोन कार्बन घालायचे, तीन पेपरांची तीन पाकिटं करायची आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची! पंचवटीतली बातमी सिन्नरला जाऊन एसटीने नाशिकला परत आली. सोमवारी तिन्ही पेपरांत झळकली. एकाने ‘अल्पशा आजाराने’ जोडलं, दुसऱ्याने ‘प्रदीर्घ आजाराने’. तिसऱ्याने तर अंत्ययात्रेला मोठी गर्दीही जमवली!

सकाळीच भाजीवाल्या सिंधुबाई दारात हजर. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या.

“अहो सिंधुबाई, मी आहे ना!”

“तुम्ही गप बसा! पेपरात आलंय. पावशेर भेंडी नेणारं माझं एकटं गिऱ्हाईक व्हतं हो!” आणि त्यांनी असा हंबरडा फोडला, की खैरनारांचेही डोळे भरून आले.

दुपारपर्यंत दारात बावीस जोड चपला झाल्या. चहा खैरनारच करत होते. छापखान्यात खिळे जुळवून नजर अधू झालेल्या धोंडीराम कंपोझिटरने त्यांच्याच पाठीवर हात ठेवला. “फार सज्जन माणूस होता!”

“होता खरा,” खैरनार म्हणाले. बसल्या पंगतीला स्वतःच्या दुखवट्याची दीड भाकरी त्यांनी चवीने खाल्ली. तीन वर्षांत या घरात त्यांच्या शेजारी बसून कोणी जेवलं नव्हतं.

तेवढ्यात किशोर धापा टाकत आला आणि त्याने सरळ पायच धरले. “सर, लय मोठी चूक झाली! खुलासा लिहून आणलाय, उद्याच छापून आणतो!”

खैरनारांनी भरलेल्या खोलीकडे पाहिलं. उद्या या चपला दारात नसणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

“काय शिकवलं होतं मी?”

“खात्री केल्याशिवाय छापायचं नाय.”

“मग मी जिवंत आहे, याची खात्री केलीस?”

“सर, तुम्ही तर समोर...”

“तेवढ्याने भागत नाही. उद्या फोन कर.” खैरनार जरा घुटमळले. “परवाही कर. नंबर आहे ना?”

“हाय ना सर! खुलाशाखालीच लिहिलाय. तीन कॉप्या हायेत.”