संशोधनाची आवड: रकाना रिकामा सोडू नये

सन दोन हजार दोनच्या जानेवारीत पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागानं ठराव केला, की आपल्या वेबसाइटवर एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. विभागाच्या इतिहासात एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग. कारणही तसंच होतं. मार्चमध्ये मूल्यमापन समिती येणार होती, आणि हल्ली समित्या विभागात येण्याआधी इंटरनेटवर येतात, असं कुणीतरी पेपरात वाचलं होतं.

वेबसाइटचं काम शुभंकरकडे होतं. शुभंकर वारज्याचा. कॉम्प्युटर तो सायबर कॅफेच्या काउंटरवर बसून स्वतःच शिकलेला, आणि स्वतः शिकलेल्या माणसाला असतो तेवढा गर्व त्याला होता. नोकरी कंत्राटी, मुदत मार्चअखेर. "समिती खूश झाली की तुम्हाला कायम करू," असं विभागप्रमुख श्यामसुंदर सर म्हणाले होते. तेवढ्यावर आईनं सोसायटीभर मुलगा युनिव्हर्सिटीत कायम झाल्याचं सांगूनही टाकलं.

त्यानं प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान केलं: फोटो, कामगिरी, संशोधनाची आवड. वर एक करामत केली. एकही चौकट कोरी राहिली तर पान सेव्हच होणार नाही. असलं काही करू नकोस असं त्याला कुणी म्हणालं नाही, कारण केलंय काय हेच कुणाला कळलं नव्हतं.

मग तो माहिती गोळा करत फिरला.

"मॅडम, कामगिरी काय लिहू?"

प्रेमला मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रिक्त संच."

"म्हणजे काहीच नाही?"

"अहो, रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो. म्हणजे जगात ज्याची जी काही कामगिरी असेल, तिच्यात माझी आलीच. सिद्ध करून देऊ?"

"नको, नको. आणि संशोधनाची आवड?"

"होती. मग नोकरी लागली."

श्यामसुंदर सर तर 'दोन दिवसांनी सांगतो' असं सात वेळा म्हणाले. शेवटी पान दिसेल कसं ते तरी दाखवावं, म्हणून शुभंकरनं आठही पानांवर नमुन्याचा मजकूर भरला. आदल्या संध्याकाळी डेक्कनला पाऊण तास बसची वाट पाहून डोकं उठलं होतं. बोटांना सुचलं ते टाइप केलं: 'अनियमित प्रतीक्षेच्या असममित अवकाशांचा सिद्धान्त.'

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे बरोबर लिहिलंत."

"सर, हा नुसता नमुना आहे. तुमचं खरं काय असेल ते..."

"हेच खरं. मी बरीच वर्षं याच अंगानं विचार करतोय."

"पण आठही पानांवर हेच आहे, सर."

"मग? याला विभागाची दिशा म्हणतात. तुम्ही गणिताचे नाही, तुम्हाला नाही कळायचं."

शुभंकरनं आठही पानं तशीच सेव्ह केली. कायम व्हायचं होतं ना!

समिती आली, पोहे खाल्ले, पानं पाहिली आणि भारावली. आठ प्राध्यापक आणि विषय एक! "आमच्याकडे दोघांचं पटत नाही हो," अध्यक्ष म्हणाले. कुणी अर्थ विचारला तर, या धास्तीनं शुभंकर दाराआड उभा होता. अध्यक्ष फक्त "फारच मूलभूत" म्हणाले. आठवड्याभरात तोच विषय त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरही झळकला.

शुभंकरचं कंत्राट ठरल्या तारखेला संपलं. पण मे महिन्यात विभागाला 'अनियमित प्रतीक्षा केंद्र' मंजूर झालं आणि तांत्रिक सहायकाचं एक कायम पद निघालं. अट एकच: विषयातला पाच वर्षांचा अनुभव. विषयाचं वय तेव्हा तीन महिने होतं. "अर्ज करा, आपलंच आहे," सर म्हणाले.

मुलाखतीला सर, प्रेमला मॅडम आणि तेच अध्यक्ष. अध्यक्षांनी अर्ज चाळला.

"तुमची संशोधनाची आवड श्यामसुंदर सरांच्या पानावरून जशीच्या तशी उचललेली दिसते."

"साहेब, ते मीच लिहिलंय."

"टाइप केलंत. लिहिणं वेगळं."

शुभंकरनं सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते. मग मात्र त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, असा सिद्धान्तच नाहीये. बसची वाट बघून वैतागलो होतो, म्हणून मी ते नाव बनवलं."

प्रेमला मॅडमना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. अध्यक्षांनी शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं: 'उमेदवारास विषयाची प्राथमिक ओळखही नाही.'

पद दुसऱ्याच कुणाला मिळालं. त्याच्याकडे सहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला होता, श्यामसुंदर सरांच्या सहीचा.

शुभंकरला पुढे हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी लागली. खरं बोलायची खोड तोवर मोडली होती. बायोडाटात त्यानं सिद्धान्त ठळक अक्षरांत टाकला आणि पहिल्याच फेरीत निवडला गेला. आता मुलाखती तोच घेतो. गेल्या वर्षी श्रद्धा नावाची एक मुलगी आली. तिच्या बायोडाटातही तोच सिद्धान्त.

"हे काय असतं नेमकं?" त्यानं विचारलं.

"खरं सांगू का सर? माहीत नाही. सगळे लिहितात, म्हणून लिहिलं."

शुभंकरला एकदम भरून आलं. तिला चहा पाजावा, असंही वाटून गेलं. त्यानं शेरा लिहिला: 'आत्मविश्वासाचा अभाव.'

तिच्यानंतर आलेल्या मुलानं तो सिद्धान्त फळ्यावर आकृत्या काढून वीस मिनिटं समजावून सांगितला. शुभंकर शेवटपर्यंत मान डोलावत होता. आपण हसताय, पण आपणही डोलावलीच असती. भर मीटिंगमध्ये 'मला कळलं नाही' असं आपण शेवटचं कधी म्हणालात?