पठारावरील पोपटी आणि बुधीमावशीचा हात

श्रीअग्निनारायण सदा प्रसन्न असो, परंतु चुलीतच असो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य पंचमी, भानुवासरे, पठारचे राज्यात आमची स्वारी दाखल जाहली, ते समयी नाक्यावरील राखणदारीण बुधीमावशी आडवी आली आणि बोलिली, "ताई, शेकोटी बंद हाय. गवत पार वाळलंय." त्याजवर आमचे दीर शार्दूलराव हासोन म्हणाले, "मावशी, शेकोटी कोण करतंय? आम्ही पोपटी लावणार!" म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याचे पाल्यासह मडक्यात भरोन, मडके उपडे घालोन, भोवती जाळ करणे. मावशी म्हणाली, "मग पोपटी काय थंड्या पाण्यात शिजते व्हय?" आम्ही पदवीधर, नाक्यावरील बंदीचा फलक दोनदा वाचिला, त्यावर शेकोटी हाच शब्द होता, आणि दिराचा पक्ष घेतला.

मग तिसरे प्रहरी पोपटी जाहली, आणि उत्तम जाहली, खोटे का लिहावे. निखारे राहिले आणि पाण्याचा कॅन एकच राहिला. दीर पुसते जाहले, "वहिनी, ओतू का?" आम्ही म्हणालो, "नको हो, रेवाला वाटेत लागेल. माती टाका." ही आज्ञा आमचीच. मग माती टाकिली, आणि चार वर्षांची कन्या रेवा झाडाखाली चटईवर निजली होती, तीस निजू देऊन आम्ही भांडी गाडीत ठेवू लागलो, आणि विस्तव मातीखालोन गवताचे मुळ्यांत शिरोन चार हात पलीकडे उठला, आणि आम्ही वळोन पाहतो तो आमचे व रेवाचे मध्ये जाळ. तो धूर पाहोन धावत आलेली बुधीमावशी ओला डहाळा झोडीत आत शिरली आणि रेवास आणोन आमचे पदरी घातली, आणि पेटती चटई गवतातून ओढावयास माघारी गेली. चटई प्लॅस्टिकची, ती वितळोन मावशीचे उजव्या पंज्यास चिकटली. कॅन मग त्या हातावर रिता केला. मावशी दात आवळोन म्हणाली, "पोर भ्यालंय, आधी तिला न्या." आणि आम्ही नेली. खरोखरीच नेली. हात कोण बांधील, दवाखाना किती कोस, काही पुसिले नाही.

सारांश, आग शार्दूलरावांनी व गावकऱ्यांनी विझविली, कन्या सुखरूप, अपराध आमचा. आम्हास वर्षभर पठारी मज्जाव जाहला, तो रास्तच. परंतु नाक्याचा फोन कोणी उचलीत नाही. तरी वाचणारांनी तिकडे जाणे घडल्यास बुधीमावशीस भेटावे, उजवी मूठ मिटावयास सांगावी, आणि मिटते की नाही ते कृपा करोन आम्हास कळवावे.