खात्रीचं गेज

"गेज खोटं बोलतं रे! खात्रीचं दुसरं गेज लावून बघितल्याशिवाय पाइपाला हात घालायचा नाही!"

हा आवाज दाबरावांच्या कानात अजून घुमतो. आवाज त्यांच्या मिस्त्रींचा. मिस्त्री जाऊन जमाना झाला. पण दाबराव नवशिके होते तेव्हा एका तळघरात पाण्याचा दाब दाखवणारा काटा नको तिथे गेलेला बघून घाबरले, चांगला धडधाकट पाइप खोलून बसले, आणि मिस्त्री जिन्यावरून ओरडत खाली आले, तो क्षण काही पुसला गेला नाही. अंगावर फवारा, गुडघ्यापर्यंत पाणी, मिस्त्रींची निथळणारी मिशी आणि हे वाक्य!

तेव्हापासून दाबरावांच्या हत्यारांच्या पिशवीत एक खात्रीचं गेज असतं. कुठल्या इमारतीतला काटा संशयास्पद वागू लागला की ते आपलं गेज लावतात आणि न्यायाधीशासारखा निकाल देतात. बोलणंही सगळं दाबाचंच. म्हणून तर अख्खी गल्ली त्यांना दाबराव म्हणते. खरं नाव विचारलं तर त्यांची बायकोसुद्धा क्षणभर थांबते.

बायको म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. वहिनींचा एक स्वभाव होता. मनातलं त्या बोलून दाखवत नसत, गुणगुणत असत. स्वयंपाकघरातला नळ किती दिवस गळत होता! नळ टप् टप् करी आणि वहिनी भांडी घासता घासता त्या ठेक्यावर ओळी जुळवीत:

जगाच्या नळाला, माझा धनी लावी हात
घरच्या नळाचं पाणी, ठिबकतं दिनरात!

दाबराव ऐकत आणि म्हणत, "उद्या करतो!" मग एके दिवशी टपटप थांबली. वहिनींच्या ओळीही थांबल्या. दाबरावांनी छाती फुगवली. "बघितलंस? हात लावला नाही, आपोआप थांबला! काही गोष्टी सोडून दिल्या की बऱ्या होतात!" वहिनींनी नळ उघडून कढई विसळायला घेतली. गुणगुणल्या मात्र नाहीत.

तर अशा या दाबरावांना साखर होती. डायबेटिस. ती त्यांनी मान्य केलेली होती. साखर हा काही त्यांचा विषय नव्हता, त्यामुळे डॉक्टरीणबाई सांगतील ते ते ऐकत. चहा बिनसाखरेचा, चालणं रोजचं, गोळी वेळेवर. पण त्या दिवशी बाईंनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, हवा सुस्कारा टाकत उतरली, आणि बाईंनी पुन्हा फुगवला.

"साखर आटोक्यात येतेय," बाई म्हणाल्या. "पण दाब वाढलाय. गेल्या वेळीही वाढलेला होता. आता त्याची गोळी सुरू करू या."

दाबराव हसले. शाळेच्या पहिल्या दिवशी एखाद्या पोराने मास्तरांना पाढे शिकवावेत, तसं काहीतरी त्यांना वाटलं.

"बाई, साखरेबद्दल तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा! पण दाब? दाब माझा विषय आहे! टाकीत साखर घाला नाहीतर मध ओता. पाणी गोड होईल. दाब वाढेल का? दाब असतो टाकीच्या उंचीवर आणि पंपावर. गोडीचा त्याच्याशी काय संबंध?"

"तुमचे पाइप लोखंडाचे, दाबराव. हे जिवंत आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्षानुवर्षं गोड रक्त फिरलं की नसांच्या भिंती ताठ होत जातात. ताठ नळीतून तेवढंच रक्त ढकलायचं म्हणजे दाब चढतो. वर मूत्रपिंडं थकली की मीठ आणि पाणी अंगातच धरून ठेवतात. साखर आणि दाब सख्ख्या बहिणी आहेत. एक आली की दुसरी बहुतेक वेळा मागोमाग येते, आणि मग दोघी मिळून डोळे, मूत्रपिंडं, हृदय, सगळीकडे नासधूस करतात. म्हणून दोघींनाही आवरायचं. मीठ कमी खाता ना?"

"मिठाचं नाव काढू नका! हिच्या हातचं जेवण म्हणजे हल्ली ओला कागद! तुम्ही साखर बंद केलीत, हिने मीठसुद्धा हद्दपार केलं!"

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत वहिनी बसल्या होत्या आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

"आणि तुम्ही कशा आहात?"

वहिनींनी तोंड उघडलं, पण उत्तर दाबरावांनी दिलं. "तिला काय होतंय! आमच्या हिला कधी डोकंसुद्धा दुखत नाही. खात्रीचं गेज आहे ते!"

वहिनी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघू लागल्या. जणू काही त्या कानात त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

"असं करू," दाबराव उठत म्हणाले. "तुमचा पट्टा जुना झालाय. मी नवं मशीन घेतो, घरी तपासतो. तेही हेच म्हणालं तर जन्मभर गोळी खाईन. खोटं निघालं तर दाबाचा विषय बंद!"

"मशीन जरूर घ्या," गोळीची चिठ्ठी त्यांच्या हातात देत बाई म्हणाल्या. "पण पाच मिनिटं गप्प बसून, मग मोजा."

'गप्प बसून' एवढं सोडून बाकी सगळं दाबरावांनी ऐकलं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून मशीन घेतलं, चार जिने चढले, आणि धापा टाकत, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आवळून, वहिनींना मिस्त्रींची गोष्ट पुन्हा एकदा सांगत सांगत त्यांनी बटण दाबलं. आकडा आला तो डॉक्टरीणबाईंच्याही वरचा!

"खोटं!" दाबरावांनी मशीनला टिचकी मारली. जगातलं प्रत्येक गेज टिचकीने सुधारतं अशी त्यांची श्रद्धा होती. आकडा हलला नाही.

"अहो, गोळी सुरू करा ना," वहिनी म्हणाल्या.

"थांब! खात्रीचं गेज लावून बघू. ये, बस!"

"मी?"

"मग कोण? या घरात ठणठणीत कोण आहे? तुझा आकडा बरोबर आला तर मशीन खरं!"

"आत्ता नको. हात ओले आहेत."

"दंड कोरडा आहे ना?"

"मला नाही आवडत दंड आवळून घ्यायला!"

पण दाबरावांपुढे कुणाचं काही चालायचं नाही. वहिनी बसल्या. पट्टा फुगला. मशीन टिक् करून थांबलं. वहिनींचा आकडा दाबरावांच्या आकड्याला खांदा लावून उभा!

दाबरावांनी टाळी वाजवली. "संपलं! तुझा दाब एवढा? कावळा पांढरा दाखवतंय हे! मशीन साफ खोटं!"

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण दारात आली. कपड्यांचं भलंमोठं गाठोडं घेऊन ती जिना चढून आलेली, भात्यासारखी फुललेली. "वहिनी, एवढं गाठोडं जरा..."

"बस!" दाबराव म्हणाले, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पट्टा तिच्या दंडावर होता. तिचाही आकडा वर! "हेही खोटं! तीन जणांचा दाब एकाच दिवशी वाढतो होय?"

पण 'खोटं' हा शब्द शिंपिणीच्या कानापर्यंत पोचलाच नाही. तिला फक्त आकडा दिसला. "अगं बाई! मला दाब झाला!" म्हणत ती जी सुटली, ती प्रत्येक दारावर थाप मारतच खाली गेली. घटकाभरात अख्खा जिना माणसांनी भरला. जो तो एक बाही वर करून पायरीवर बसलेला! कुणी स्वतःची नाडी दाबून बघतंय, कुणी शेजाऱ्याची. ज्यांचे आकडे नीट आले त्यांना दाबराव म्हणाले, "हुरळू नका, मशीन खोटं आहे!" ज्यांचे वर आले त्यांना म्हणाले, "घाबरू नका, मशीन खोटं आहे!" त्यामुळे पहिले घाबरले आणि दुसरे जास्तच घाबरले.

इतक्यात फोन वाजला. सासरहून लेक रडत होती. "बाबा, तुम्हाला इस्पितळात नेलं म्हणे! शुद्ध हरपलीय म्हणे!"

"अगं, फोनवर कोण बोलतंय मग?"

"तेच तर विचारतेय! कोण बोलतंय?"

"तुझा बाप!"

"खरं सांगा, आई ठीक आहे ना?"

"तिला काय होतंय!" दाबराव ओरडले, फोन ठेवला, मशीन हत्यारांच्या पिशवीत कोंबलं, दुसऱ्या हाताने वहिनींना धरलं आणि निघाले. आता निकाल औषधवाल्याच्या दुकानातच! मागून शिंपीण. शिंपिणीमागून अर्धा जिना.

औषधवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "मशीन परत? का?"

"खोटं बोलतं!"

औषधवाल्याने स्वतःच्या दंडाला पट्टा लावला. मुकाट्याने बसला. आकडा नीट. पुन्हा लावला. पुन्हा नीट. मग शिंपिणीला स्टुलावर बसवून, पाणी देऊन, गप्प ठेवून मोजलं. गप्प ठेवणं कठीण गेलं, पण आकडा तिचाही नीट!

"आँ? मग मघाशी?" शिंपिणीने विचारलं.

"मघाशी तुम्ही गाठोडं घेऊन जिना चढलात. मशीनने खरं तेच सांगितलं," औषधवाला म्हणाला.

दाबराव क्षणभर डगमगले. पण त्यांचा हुकमाचा पत्ता अजून हातात होता. "हिला बसवा! ही माझी खात्रीची! हिला तर पावसात भिजूनसुद्धा शिंक येत नाही!"

"अहो, राहू द्या ना. घरी जाऊ या," वहिनी हळूच म्हणाल्या.

"बस गं! दुकानदारासमोर सोक्षमोक्ष होऊ दे!"

वहिनी स्टुलावर बसल्या. दुकान गप्प झालं. औषधाच्या बाटल्यासुद्धा खांद्याला खांदा लावून ऐकत उभ्या आहेत असं वाटलं. पट्टा फुगला, उतरला. औषधवाल्याने आकडा पाहिला, मग वहिनींचा चेहरा पाहिला, आणि न बोलता मशीन दाबरावांकडे फिरवलं.

तोच! वर!

"बघा! बघा!" दाबराव गरजले. "आता खोलूनच दाखवतो आत काय बिघडलंय ते!" त्यांनी पेचकस काढायला पिशवीत हात घातला. पाना आला, पक्कड आली, आणि त्यांच्यामागून पाइपाच्या जोडाला गुंडाळायच्या टेफ्लॉन टेपची एक गोल डबी उसळून बाहेर पडली. गडगडत वहिनींच्या पायाशी गेली, आडवी झाली, झाकण उडालं, आणि फरशीवर पांढरीशुभ्र रांगोळी पसरली!

सगळ्या माना खाली वळल्या.

"साखर!" शिंपीण किंचाळली.

वहिनींचा चेहरा उतरला. "अहो! डायबेटिस असून चोरून साखर खाता? मी सकाळ-संध्याकाळ तुमच्या चहावर पहारा देते, आणि तुम्ही पिशवीत साखर घेऊन फिरता?"

असा खोटा आळ! दाबरावांना तो सहन होईना. "साखर? मी? साखरेच्या एका कणाला शिवलो असेन तर विचार! चाखून बघ! मीठ आहे ते, मीठ!"

वहिनींनी डबीच्या तळाशी उरलेल्यातला कण जिभेवर ठेवला. मीठ होतं. आणि दाबरावांनाही मग कळलं, की आपण काय बोलून बसलो.

"रोज?" वहिनींनी विचारलं.

"रोज म्हणजे... फक्त डब्यावर. आणि कधी कधी रात्री, तू पाणी आणायला उठलीस की."

औषधवाल्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "दाबराव, साखरेचा माणूस असा मीठ खाईल तर दाब काय जमिनीवर राहील?"

"पण मी काय करू?" दाबरावांचा आवाज पहिल्यांदाच गेजाच्या खालच्या टोकाला गेला. "हिनेच भाजीतलं मीठ काढून घेतलं! बाईंनी मला मीठ कमी करा असं आजवर सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा विचारलं. मग तू गेल्या थंडीपासून का काढत होतीस? कुणासाठी?"

वहिनींनी फरशीवरच्या मिठाकडे पाहिलं. गुणगुणाव्यात अशा ओळी त्यांच्या ओठांवर आल्या होत्या. पण दुकान भरलेलं होतं आणि मनातलं आता दोन ओळींत मावेल एवढं छोटं राहिलं नव्हतं.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "गेल्या थंडीत तुमच्याबरोबर दवाखान्यात आले होते. तुम्ही बाहेर त्यांचा नळ बघत होता, तेव्हा बाईंनी माझाही दाब मोजला. गोळी लिहून दिली, महिन्याने या म्हणाल्या. मी नाही घेतली. नाही गेले. वाटलं, घरात एक आजारी माणूस पुरे. मिठावर भागवू."

दाबराव शेजारच्या स्टुलावर बसले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तुम्ही जिथे जाल तिथे सांगता, आमच्या हिला कधी काही होत नाही, ते खात्रीचं गेज आहे. ऐकायला फार बरं वाटायचं हो. ते मोडवेना."

दाबरावांनी मशीन उचललं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि अलगद औषधवाल्यासमोर ठेवलं. "परत नाही देत. याची माफी मागायची राहिलीय. माझी गोळी द्या, चिठ्ठी खिशात आहे. आणि उद्या हिला बाईंकडे घेऊन जातो." मग सवयीप्रमाणे त्यांचा धीर परत आला. "पण एक मान्य करा! काही गोष्टी आपोआप बऱ्या होतात! आमच्या स्वयंपाकघरातला नळच बघा..."

वहिनींनी पदराने कपाळ टिपलं.

"आता बोलतेच आहे, तर तेही सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या गल्लीतला फिटर येऊन वॉशर बदलून गेला."