सीलबंद चाल

नागपुरातल्या आमच्या जरीपटक्याच्या गल्लीत स्वतःच स्वतःला रजिस्टर पोस्टाने पाकिटं पाठवणारा एकच माणूस आहे. ढोकेकाका. पाठवणारे ढोके, घेणारेही ढोके. पाकीट आलं की काका आधी लाखेचं सील भिंगाखाली तपासतात, मग पोस्टमनचा चेहरा तपासतात आणि मगच सही करतात. पाकीट न फोडता कपाटात जातं.

आत असतं काकांचं नवं गाणं. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा. उद्या कोणी चाल चोरली, तर पाकीट थेट जजसाहेबांसमोर फोडायचं, असा बेत.

त्याला कारणही तसंच आहे. तरुणपणी काका भीमगीतं लिहायचे. कंपनी नाही, स्टुडिओ नाही. खोलीच्या भिंतीला गाद्या टेकवायच्या, टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचा आणि गायचं. कॅसेट घरीच भरायच्या, कव्हर घरीच चिकटवायचं आणि दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर सतरंजी टाकून, गात गात विकायच्या. हल्लीची पोरं याला 'इंडी म्युझिक' म्हणतात आणि त्यासाठी दाढी वाढवतात.

"आम्हाले दुसरा इलाज नव्हता गा," काका म्हणतात. "कंपनीवाले दारात उभं करत नव्हते. पण त्यायच्या गाण्यात सारं गुळगुळीत. आमच्या गाण्यात कुकरची शिट्टी ऐकू येते. ऐकणाऱ्याले वाटते, हा आपल्याच घरात बसून गाऊन राहिला."

हे मात्र खरं. मलाही तसंच वाटतं.

तर त्यातलंच पहाटेवरचं एक गाणं कुठल्याशा कंपनीने उचललं आणि दुसऱ्याच्या नावावर बाजारात आणलं. आज ते प्रत्येक मंडपात वाजतं. "मुखड्याची ती चढती चाल मले सायकलवर सुचली, कळमेश्वरच्या रस्त्यावर," हे काकांनी गल्लीतल्या प्रत्येकाला निदान दहा वेळा सांगितलं आहे. तेव्हापासून त्यांचा जगावरचा विश्वास उडाला. दहीवाल्यालाही विचारतात, "आजचं हाये? पुरावा हाये का?" बैठकीत गाताना शेवटचं कडवं गिळून टाकतात, कारण समोर कोण बसलंय कोणास ठाऊक. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालताना गुणगुणत होतो, तर काका धापा टाकत वर आले. "मास्तर, हे कुठून उचललं?" मी वर्गात शिकवायची कविता म्हणत होतो. पुस्तक दाखवलं तेव्हा गेले, तेही पुस्तकाचं मागचं पान वाचून.

गेल्या वर्षी काकांच्या पत्नी, कमलकाकू, गेल्या. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाच्या आठवडाभर आधी, सकाळीच काका दारात हजर. "मास्तर, पेन घेऊन चला. साक्षीदार पाहिजे. फोन घरीच ठेवा."

मला संशय आला, आता कोणावर केस टाकताहेत?

टेबलावर पिवळं पडलेलं एक पाकीट होतं. पहिलंवहिलं, चोरी कळली त्याच आठवड्यात पाठवलेलं. त्यात त्या पहाटेच्या गाण्याची मूळ कॅसेट. मागे कोरसला काकू गायल्या होत्या. विकलेल्या कॅसेटी केव्हाच गहाळ झाल्या होत्या, आणि काकूंचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

"हे फोडलं का केस गेली," काका म्हणाले. "पण नातीनं इचारलं, आजी कशी गात होती? मले सांगताच आलं नाही गा."

सील अभंग असल्याचा पंचनामा त्यांनी मला सांगून लिहून घेतला. मी सही केली. मग त्यांनी लाख फोडली.

टेप खरखरली. तरुण काकांनी मुखडा सुरू केला आणि दुसऱ्या ओळीला अडखळले. मग बाईचा आवाज आला, हसरा, जरा वैतागलेला.

"असं नाही जी. तुम्ही खालीच घोटाळून राहिले. कालपासून शिकवून राहिली मी. वर न्या, वर. माह्या मागं म्हणा."

आणि काकूंनी ती ओळ गाऊन दाखवली. तीच चढती चाल. काका त्यांच्या मागे दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं, आणि मग कुठे गाणं सुरू झालं.

काकांनी टेप बंद केली.  आधी मला त्यांचा राग आला, मग फार वाईट वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. खरंच विसरले होते. सायकलची गोष्ट काकूंनी किती वेळा ऐकली असेल, तीही आम्हाला चहा देता देता.

काका भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"बोलली काहून नाही वं तू?"

 मग परत आले आणि पंचनामा ओढून घेतला. मला वाटलं, आता फाडतात. त्यांनी खाली सावकाश लिहिलं : 'चाल : कमल ढोके.' कागद माझ्यापुढे सरकवला.

"करा सही. आणि जा, फोन घेऊन या. भरून घ्या आणि ज्याले पाहिजे त्याले पाठवा."

मी धावत जाऊन फोन आणला. काकांनी टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. काकू म्हणाल्या, "माह्या मागं म्हणा." काका डोळे पुसत त्यांच्या मागे म्हणू लागले, आणि तेव्हासारखेच पहिल्या खेपेला चुकले.