पप्पांच्या मातीची तालीम

मंगळवारी सकाळी माझे सासरे वारले. बुधवारी त्यांची माती झाली. चर्चमध्ये पायपेटी त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, एस्तेरने वाजवली.

या प्रसंगाची तालीम आमच्याकडे कित्येक वर्षे चालू होती. तालीम घ्यायचे ते स्वतः सासरेच, आणि तिच्यात मयताची भूमिकाही तेच करायचे.

घरात आम्ही त्यांना पप्पा म्हणायचो, चर्चच्या मंडळीत ते शमुवेलमामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत. छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना, लग्ने, नाताळ, सगळ्याला पेटी त्यांचीच. पण जीव मातीच्या कार्यक्रमात. कुणी वारल्याचा फोन आला की नाव विचारण्याआधी ते विचारायचे, "किती वाजता?" मग हातपेटी स्कूटरला बांधून निघायचे. लासूर स्टेशन असो की पाचोड, ओळख असो नसो. घ्यायचे तो फक्त चहा, आणि लोकांनी गाणे ओढले म्हणून चिडून परत यायचे. "तिसऱ्या कडव्याला पोचूस्तोवर लोक इतके हळू झाले, मला वाटलं आता मयतच उठून म्हणतंय, आटपा!"

रविवारी दुपारी जेवणे झाली की पप्पा बैठकीतल्या दिवाणावर आडवे व्हायचे. छातीवर हात, डोळे बंद. समोर घरची जुनी पायपेटी. तिचा भाता पायांनी हलवत राहावा लागतो. पाय थांबले की सूर मरतो. एस्तेर पेटीवर बसायची आणि दिवाणावरून हुकूम यायचा, "एस्तू, घे. मी गेलेलो हाय."

ती वाजवायला लागली की मयत अडथळे आणायचे. मध्येच स्टीलचे ताट फरशीवर पाडायचे. मध्येच गळा काढायचे. गावोगावचे रडणे त्यांना तोंडपाठ होते. लासूर स्टेशनचे दमदार, पाचोडचे लांबलचक आणि हेलकाव्याचे. "आरं माझ्या राजा रं, कुठं चालला रं" असे स्वतःलाच विचारत ते दिवाणावर हुंदके देऊ लागले की एस्तेरला हसू फुटायचे आणि पाय थांबायचे.

"थांबलीस! हसून थांबली काय न् रडून थांबली काय, सारखंच. पाय चालू ठेव."

"पण पप्पा, तुम्ही गेल्यावर ताट कोण पाडणार आहे?"

"तुझी आत्या. तिच्या हातात काही टिकतंय का?"

रडणाऱ्या मंडळींचे काम माझ्याकडे होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. मोठ्या आवाजाची सवय नाही.

"जावईबापू, रडा."

"जमत नाही हो."

"मंग खोका तरी. खोकल्याबिगर माती होतच नाय."

मी खोकत असे.

सासूबाई त्या वेळी बैठकीत पाऊल टाकत नसत. स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "जित्या माणसाला असलं सोंग सुचतंय तरी कसं! उठा, दळण आणायचंय." मयत म्हणायचे, "चौथं कडवं होऊ दे."

एकदा दार उघडे राहिले. दूधवाले रफिकभाई आत डोकावले, कॅन खाली ठेवला आणि डोक्याला रुमाल बांधला. "या अल्लाह! चचा कब गुजरे?"

डोळे न उघडता पप्पा म्हणाले, "अभी नहीं गुजरे. एक लिटर दे दो."

पुढे बरेच दिवस रफिकभाई बेल वाजवून दूध पायरीवरच ठेवून जात.

मला ही सारी हौस वाटायची. जन्मभर दुसऱ्यांना वाजवून निरोप देणाऱ्याला आपला निरोप तालात हवा, यात नवल नव्हते. एस्तेर मात्र मनातून घाबरलेली असे. "घरात जमतंय हो," ती मला म्हणायची, "पण त्या दिवशी मी मधेच थांबले तर? पप्पांचंच गाणं अर्धं राहील."

पप्पांची नजर कमी झाल्यावर त्यांची स्कूटर मी चालवू लागलो. एकदा पाचोडहून एक माती करून परतताना आम्ही रस्त्याकडेला चहाला थांबलो. त्या दिवशी ते तालाबद्दल काहीच बोलले नव्हते.

"ती लेक बघितली का, खुर्चीवरली?"

बघितली होती. वारलेल्या माणसाची मुलगी. प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिला बसवून ठेवले होते आणि येणारी प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडून रडत होती. पाण्याचा तांब्या उचलायला ती उठली, तर दोघींनी धरून परत बसवली.

"पोरं खड्डा बघायला जातेत, मांडव बघतेत, फोन करतेत. त्यांना काम आसतं. लेकीला आपण खुर्ची देतो अन् म्हणतो, बस अन् रड." पप्पांनी बशीत फुंकर मारली. "मी लई बघितल्या आशा खुर्च्या. एस्तूला मी खुर्ची नाय देणार, जावईबापू. स्टूल देणार. पेटीवर बसलेल्याच्या गळ्यात कोणी पडत नाय."

पप्पांनी बशीतला चहा संपवला.

"तिला सांगू नका. म्हातारा तालासाठी मरतोय, आसंच वाटू द्या. माझ्या रागानं तरी वाजवंल."

बुधवारी चर्चमध्ये आत्या खुर्ची घेऊन आल्या. "बस बाई, बस."

"आत्या, मला वाजवायचंय," एस्तेर म्हणाली आणि पेटीकडे गेली.

पहिले कडवे तालात झाले. दुसऱ्याला तिचे खांदे हलू लागले. तिसऱ्याला ती उघड रडत होती. मी डोळे मिटून फक्त भात्याचा आवाज ऐकत होतो. तो चालू होता.

चौथे कडवे संपले, खांदेकऱ्यांनी पप्पांना उचलले, आणि एस्तेर थांबलीच नाही. तिने गाणे पुन्हा पहिल्यापासून धरले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. वाजवू द्या, अशी मी खूण केली. त्यांनी मिटलेले गीतपुस्तक परत उघडले, मंडळी परत गाऊ लागली. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता आणि खांदेकरी पप्पांना घेऊन दाराशी खोळंबले होते. दुसऱ्यांदा चौथे कडवे झाले तेव्हा तिने आपणहून पेटीचे झाकण लावले, पदराने तोंड पुसले आणि सासूबाईंचा हात धरून चालू लागली. मला हायसे वाटले. आत्यांनी आणलेल्या खुर्चीत मीच बसलो.

हे लिहिण्याआधी मी एस्तेरला पाचोडच्या वाटेवरचे ते बोलणे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"तरी हट्टीच होते," ती म्हणाली. मग तिने विचारले, "त्या खुर्चीवरच्या मुलीचं पुढं काय झालं हो?"

मला माहीत नव्हते.

आता मातीचे फोन एस्तेरला येतात. हातपेटी ती घेते, स्कूटर मी चालवतो. गेल्या आठवड्यात आम्ही लासूर स्टेशनला जाऊन आलो.